खुणेचं झाड

"रिबू, तो बघ समुद्र," आई म्हणाली.

भर दुपार होती. आई खिडकीची फळी दोन बोटं उघडून बाहेर बघत बसली होती आणि मी शेजारी चटईवर लोळत होते. बाहेर समुद्र कुठून येणार? आमच्या घरामागं जैतुनाची बाग, बागेमागं मातकट टेकड्या आणि टेकड्यांपलीकडं नुसतं वाळवंट. पण जमीन तापली की टेकड्यांच्या पायथ्याशी काहीतरी पाण्यासारखं हलायला लागायचं. आई त्याला समुद्रच म्हणायची.

"भरती आलीय बघ. आता खांदेरी बेटाच्या अंगानं होड्या येतील."

"आई, ते ऊन आहे गो."

"मला नको शिकवूस. ऊन कुठलं आणि पाणी कुठलं ते मला कळतं. पण बघायला काय जातं?"

मग मीही उठून तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघायचे. खोटं कशाला बोलू, मलाही दिसायचा. निळसर, हलता, आवाज नसलेला समुद्र. बघता बघता आमच्या दोघींचेही डोळे मिटायचे.

आता आम्ही कोण, कुठल्या ते सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल, मराठी बोलणाऱ्या बायका त्या वाळवंटात करत होत्या काय. आम्ही अलिबागजवळच्या थळचे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आडनाव थळकर. आमचा पिढीजात तेलाचा घाणा. शनिवारी आमचा शब्बाथ, त्या दिवशी काम म्हणून करायचं नाही, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. बाबांच्या काळात तालुक्याला विजेची गिरणी आली आणि घाणा बंद पडला. पुढं इस्राएलला जाणाऱ्यांत बाबांनी नाव घातलं, आणि आमचं बिऱ्हाड बोटीतून उतरलं ते थेट दक्षिणेच्या त्या उजाड भागात. तिथं नवीन वसवलेल्या खेड्यात कोकणातल्या घरांची एक आळीच होती. घरं सिमेंटची, रस्ता सरळसोट, आणि चार वाजता सगळ्या घरांतून आल्याच्या चहाचा वास.

बाबांच्या वाट्याला आली जैतुनाची जमीन. जैतून म्हणजे तुम्ही ज्याला ऑलिव्ह म्हणता तेच. बाबांना आभाळ ठेंगणं झालं. "तेल्याला तेलाचं झाड दिलं देवानं! आणखी काय पाहिजे?" आईला मात्र बरंच काही पाहिजे होतं. तिला ओली हवा पाहिजे होती, ताजी मांदेली पाहिजे होती, मागच्या दारी विहीर पाहिजे होती. थळला तिची बहीण होती, मलकामावशी. दर पत्रात ती लिहायची की तुमची खोली मी झाडून ठेवलीय. आई ते पत्र मला वाचायला लावायची आणि ऐकताना पदराचं टोक चघळायची.

मी ज्या उन्हाळ्याचं सांगतेय, तेव्हा मी बीरशेबाला नर्सिंग शिकत होते. शुक्रवारी दुपारी बसनं घरी यायचं, रविवारी पहाटे परत जायचं. त्या वर्षी पाऊस रुसला होता आणि सगळ्या खेड्याच्या पाण्याचा वाटा निम्म्यावर आणला होता. जैतुनाची झाडं लावून वर्षं झाली होती, पण धड तेल म्हणावं असं काही त्यांनी अजून दिलं नव्हतं. तेव्हा आई-बाबांचं एकदाचं ठरलं. रोजची कटकट नको म्हणून दोघांनी दाराच्या चौकटीवरच्या मजूजाला, आमच्या पवित्र वचनाच्या नळीला, हात लावून ठरवलं.

"ह्या साली झाडांनी तेल दिलं तर मरेपर्यंत इथंच राहायचं," बाबा म्हणाले. "थळचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही दिलं तर?"

"तर परत. मी बॅगा भरीन, तू हात नको लावूस."

"कबूल," आई म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की बाबांनी तिच्याकडं वळून पाहिलं.

जूनमध्ये पाण्याचा मास्तर आला. गदालिया त्याचं नाव, पण आमच्या आळीत तो पाण्याचा मास्तरच. उंच, वाकलेला, मिशांवर कायम धूळ. जीपमधून उतरला की त्याच्यामागं आम्ही सगळे. त्याचं हिब्रू मी मराठीत करायचे आणि बाबांचं मराठी हिब्रूत. आई मागं उभी राहून दोन्हींवर शेरे मारायची, ते मी कुठल्याच भाषेत करत नसे.

झाडांच्या बुंध्याशी काळ्या नळ्या होत्या, त्यांतून थेंब थेंब पाणी पडायचं. मास्तर म्हणाला, आता हेही बंद करायचं.

"बंद?" बाबा म्हणाले. "उन्हाळ्यात?"

"फळातली बी घट्ट झाली की झाडाला पाणी फारसं लागत नाही. तहान लागू दे त्याला. फळ सुरकुतेल, पान दुमडेल, घाबरू नका. उन्हाळा उतरताना पाणी सोडायचं. तेव्हा ते फळ भरतं, आणि तेलानं भरतं. निम्म्या पाण्यात तेवढंच तेल."

"मेल्याला मुलंबाळं नसतील," आई मागून म्हणाली. "तान्हेल्या जिवाला पाणी नको म्हणतो."

"काय म्हणतात बाई?" मास्तरनं मला विचारलं.

"विचार करतेय म्हणते."

आई पुटपुटत चहा टाकायला घरात निघून गेली. मग त्यानं घराकडच्या कडेचं एक झाड निवडलं, मध्यम चणीचं, ना फार सशक्त ना फार किडकिडीत, आणि त्याच्या फांदीला लाल फीत बांधली. बाबांचे दोन्ही खांदे धरून तो म्हणाला, "रहमीम, नीट ऐक. बागेत फिरत बसायचं नाही. सगळी झाडं बघत राहिलास तर तुझा धीर सुटेल आणि तू वेळेआधी पाणी सोडशील. सगळे तेच करतात. तू फक्त हे झाड बघ. रोज सकाळी ह्याचं एक फळ दाबायचं. टणक आहे तोवर थांब. ज्या दिवशी ते बोटाखाली मऊ लागेल आणि त्याला सुरकुती पडेल, त्या दिवशी चाक फिरव आणि पाणी सोड. त्याच्या आधी नाही आणि एक दिवस उशिरानंही नाही."

बाबांनी छातीवर हात ठेवला. शब्दाला जागणारा माणूस. सांगेल तेवढंच आणि सांगेल तसंच करणार, इकडचं तिकडं नाही. मास्तरनं पाणी बंद केलं. पुढं दोनतीन वेळा येऊन गेला, आला की लाल फितीच्या झाडापाशी उभा राहायचा, फळ मापायचा, पान खुडून उन्हात धरायचा, जीभ टाळ्याला लावून च्यक् करायचा आणि निघून जायचा. मग त्याला सैन्यातून राखीव शिपायांचं बोलावणं आलं आणि तो उत्तरेला गेला.

तो उन्हाळा मला अजून अर्धवट झोपेतच आठवतो. दुपारी सगळी आळी फळ्या लावून निजायची. भिंती गरम, उशी गरम, माठातलं पाणी तेवढं गार. झोप लागली असं वाटायचं आणि लागलेली नसायची. आई स्वप्नातलं जागेपणी सांगायची आणि जागेपणातलं स्वप्नात बडबडायची.

"काल दुपारी झाडं आली होती घरात," एका शुक्रवारी ती मला म्हणाली. मी दमून आले होते, ती माझ्या केसांना तेल लावत होती.

"कुठली झाडं?"

"कुठली म्हणजे? आपली. मागच्या दारानं आली, तिथं माठापाशी उभी राहिली. बोलली नाहीत. नुसती उभी. मीच लाजले."

"मग?"

"मग काय? म्हटलं, बायांनो, मला कशाला बघता, मालक बाहेर ओटीवर आहेत."

मी हसले, पण तिचे हात थांबले होते. ती म्हणाली, "मी एलियाहू हन्नाबीला नवस बोललेय."

आमच्याकडं नवस बोलायचा तो एलियाहू पैगंबराला. फेडताना पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं असा मलिदा करायचा आणि सगळ्यांना वाटायचा.

"काय बोललीस?"

"ते सांगायचं नसतं."

ती कसली सांगतेय! न सांगताही मला ठाऊक होतं. बाबांनाही ठाऊक होतं. तिचं सगळं बोलणं फिरून फिरून थळलाच जायचं, मग नवस आणखी कशाचा असणार? त्या रात्री जेवताना बाबा माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझी आई देवाला माझ्याविरुद्ध फितवतेय." हसत म्हणाले, पण घास तसाच हातात राहिला. आईनं त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

सप्टेंबर उजाडला. एका गुरुवारी वाळवंटाकडून गरम वारा सुटला आणि शुक्रवारी मी बसमधून उतरले तेव्हाही तो चालूच होता. डोळे उघडवेनात. नेहमीच्या रस्त्यानं वारा तोंडावर येत होता, म्हणून मी बागेच्या मागच्या कडेनं आत शिरले. इकडून मी सगळ्या उन्हाळ्यात आले नव्हते.

पहिल्यांदा मला वाटलं, किती सुंदर दिसतेय बाग! पानं लांबीत दुमडून नळीसारखी झाली होती, त्यांची मागची बाजू वर आलेली. सगळी बाग पांढुरकी, चंदेरी, दिवसाढवळ्या चांदणं पडल्यासारखी. वाऱ्यानं ते चांदणं हलत होतं. मी तशीच खुळ्यासारखी बघत चालले होते. मग पायाखाली काहीतरी चुरचुरलं. खाली बघते तर फळं. ह्या झाडाखाली, त्या झाडाखाली, सगळीकडं. फांद्यांवर होती ती सुकवलेल्या बोरांसारखी. एकाला हात लावला, तर देठासकट हातात आलं. मी नर्सिंगचा अभ्यास करत होते, झाडाझुडपांतलं मला कळत नव्हतं, पण मरायला टेकलेलं ते मरायला टेकलेलं. मी घराकडं पळत सुटले.

बाबा ओट्याच्या पायरीवर बसून पाय धूत होते. मला बघून चेहरा खुलला. "आलीस? हे बघ." खिशातून त्यांनी एक जैतून काढून माझ्या हातावर ठेवलं. हिरवंगार, टपोरं, टणक. "आज सकाळचं. एवढा वारा आहे, तरी बघ! मास्तर म्हणत होता उन्हाळा संपेल तेव्हा तहान लागेल. ह्यांना तहानच नाही लागत. कोकणी हाताचा गुण!"

"बाबा, मागची झाडं बघितलीत?"

"नाही."

"एकदा तरी?"

"मास्तरनं नको सांगितलंय ना? शेजारचा म्हणाला, तुझी बाग जळली. मी म्हटलं, मास्तर बोललाच होता असं दिसेल. आपण खुणेचं झाड बघायचं." मग माझा चेहरा बघून ते उभे राहिले. "का गो?"

मी उत्तर देणार, इतक्यात मागचं दार वाजलं. आई हातात बादली घेऊन बाहेर पडली. तिच्यामागून शेजारची दिनामामी नवगावकर पातेलं घेऊन. पलीकडच्या घरातून आणखी एक बाई, आणि तिच्यामागून आणखी एक. शुक्रवार होता, शब्बाथचं रांधण दिवस बुडायच्या आत उरकायचं, घरोघर भाताचे टोप चढलेले. बायका ओळीनं, पदर वाऱ्यात सावरत, हळूहळू, काही सांडू नये म्हणून खाली बघत, लाल फितीच्या झाडापाशी गेल्या. आईनं बादली ओतली. मग दिनामामीनं. पांढरट पाणी. तांदळाचं धुवण. ओतून झाल्यावर आईनं बुंध्यावरून हात फिरवला, आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवतात तसा.

बाबा आणि मी तिथं जाऊन उभे राहिलो. बायका चपापल्या.

"हे काय करता तुम्ही?" बाबांनी विचारलं.

"काय करतो? धुवण घालतो," आई म्हणाली. "तुमच्या वाट्याचं पाणी नाही घेतलं कुणी. हे फुकट जाणारं."

"ह्याच झाडाला?"

"मग कुणाला? सगळ्यात आजारी हेच ना." आईनं फितीकडं बोट दाखवलं. "मास्तर येतो, सगळी बाग सोडून इथंच उभा राहतो. ह्याचीच पानं बघतो, ह्याचीच फळं चाचपतो, आणि च्यक् करून जातो. डॉक्टर वॉर्डात येऊन एकाच खाटेपाशी थांबला तर काय समजायचं माणसानं? मला बघवेना. मी माझं धुवण घालायला लागले. मग ह्या म्हणाल्या, आमचंही घे."

"रोज?"

"दोन्ही वेळचं. तुम्ही सकाळी फळ दाबून गेलात की एकदा, दुपारी निजलात की एकदा," दिनामामी म्हणाली, जरा अभिमानानंच. "उगीच नाही एवढं टवटवीत झालं!"

बाबांनी त्या झाडाकडं पाहिलं. मग पहिल्यांदाच त्याच्या पलीकडं पाहिलं. चालत आत गेले, दुसऱ्या ओळीपर्यंत, तिसऱ्या ओळीपर्यंत. एक फांदी धरून हलवली. फळं टपटप पडली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता.

"मी ह्याच्याकडं बघून थांबलो होतो," ते म्हणाले. "ह्याला तहान लागली की सगळ्यांना पाणी द्यायचं होतं. हे आजारी नव्हतं, शेगुला. हे खुणेचं होतं."

आईच्या हातातली बादली खाली पडली. "मला कुठं कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? तुला सगळं कळतं. तू मुद्दाम केलंस."

"बाबा!" मी म्हणाले.

"तू गप्प. मजूजाला हात लावून ठरलं होतं आमचं. बाग गेली की थळ. नवस बोलली ही. नवसाला हातभारही लावला." ते बुंध्याशी, त्या ओल्या चिखलात खाली बसले. आवाज चढला नाही, उलट बसला. "जिंकलीस. आता काही करू नकोस. नुसती बस. घटकाभरानं सूर्य बुडेल, शब्बाथ लागेल, मग उद्या रात्रीपर्यंत चाकाला हात लावायचा नाही. तोवर हा वारा उरलंसुरलं उतरवील. रविवारी मी बॅगा भरतो."

बायका पातेली पोटाशी धरून उभ्या होत्या. सूर्य टेकडीच्या वर हातभरच उरला होता. मी आईकडं बघितलं. मला वाटलं, आता ही रडेल, भांडेल, देवाची शपथ घेईल. तिनं त्यातलं काहीच केलं नाही. ती सूर्याकडं बघत होती. तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. थोडा वेळ गेला असता तर तिला हवं ते सगळं आपोआप पदरात पडलं असतं, बहीण, विहीर, समुद्र, खरा समुद्र. आणि तिला ते कळत होतं, मी तिच्या तोंडावर बघितलं.

"रिबू, चल," ती म्हणाली.

"शेगुला, दिव्याची वेळ झाली गो," दिनामामीनं हाक मारली. शब्बाथचा दिवा सूर्यास्ताच्या आधी घरच्या बाईनं लावायचा, आणि तो लावला की काम संपलं.

"तू लाव तुझा," आई मागं न बघता म्हणाली.

पाण्याचं चाक बागेच्या पार वरच्या टोकाला होतं. आईला मी कधी पळताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी लुगड्याचा काष्टा खोचून ती चांदीच्या रंगाच्या झाडांमधून पळत होती आणि मी तिच्या मागं. वारा आमच्या कानांत भरला होता, आमची पावलंसुद्धा मला ऐकू येत नव्हती. स्वप्नात पळताना रस्ता संपत नाही ना, तसं झालं.

चाक लोखंडी, दिवसभर तापलेलं आणि तीन महिने धूळ खाऊन गच्च बसलेलं. आईनं पदर हाताला गुंडाळून ते धरलं. मी ओढणीनं धरलं. हलेना. "एलियाहू हन्नाबी," ती दातांतून म्हणाली, "ऐकतोस ना? मग लाव हात!" आम्ही दोघींनी अंगाचं वजन टाकलं. एक कर्र झालं. पुन्हा टाकलं. चाक एकदम सुटलं आणि आम्ही दोघी त्याच्यावर पडलो.

आधी नळ्यांतून नुसती हवा आली. सगळ्या बागेतून एक लांब उसासा ऐकू आला. मग आमच्या पायाशी पहिला थेंब पडला, धुळीत त्याची गोळी झाली. मग दुसरा. आई चाकाला टेकून बसली, तळहात भाजले होते, ते उलटे करून मांडीवर ठेवले होते. टेकडीच्या मागं सूर्य गेला तेव्हा आम्ही दोघी तिथंच होतो.

त्या शुक्रवारी आमच्या घरात दिवा लागला नाही. आईच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं. बाबांनी संधिप्रकाशात द्राक्षरसाचा प्याला हातात धरून प्रार्थना म्हटली, आईनं अंदाजानं ताटं वाढली. बाहेर थेंब पडत होते, ते आत ऐकू येत होते.

रविवारी पहाटे मी निघाले तेव्हा पानं उलगडायला लागली होती. मास्तर पुढच्या आठवड्यात परतला. सगळी हकिगत ऐकून आधी इतका हसला की त्याला ठसका लागला. मग बागेत फिरून आला आणि हसायचा थांबला. म्हणाला, निम्मं फळ गेलं. पण जे राहिलंय ते झाड आता सोडणार नाही, तेलानं भरेल. तसंच झालं. नोव्हेंबरात फळं काळपट-जांभळी झाली आणि आम्ही चादरी अंथरून तोडणीला लागलो. गंमत बघा, लाल फितीच्या झाडाची फळं सगळ्यात टपोरी होती आणि तेल सगळ्यात कमी त्यांतच निघालं. बाकीच्या झाडांनी मात्र बाबांना खाली बघू दिलं नाही. पहिल्या घाण्याचं तेल त्यांनी तळहातावर घेऊन जिभेला लावलं आणि तसेच उभे राहिले. आईनं चाखून तोंड वाकडं केलं. "कडू आहे," ती म्हणाली, "पण तेल आहे." म्हणजे ठरल्याप्रमाणं राहायचं होतं, मरेपर्यंत.

तोडणीच्या शेवटच्या दिवशी आईनं बागेतच मलिदा केला. पोहे, खोबरं, खजूर, डाळिंबाचे दाणे. आळीत वाटून आली आणि एका झाडाखाली माझ्याशेजारी बसली. मला राहवेना.

"नवस फळला नाही, तरी मलिदा कसला वाटतेस?"

"कोण म्हणतं फळला नाही?"

"थळला कुठं जातोय आपण?"

"थळचा नवस बोललेच नव्हते मी. झाडांना तेल दे म्हटलं होतं."

"मग तुला जायचं नव्हतं?"

"जायचं नव्हतं कसं? जीव जायचा माझा त्याच्यासाठी. अजून जातो." तिनं बोटाला लागलेलं खोबरं चाटलं. "घाणा बंद झाला तेव्हा तू लहान होतीस. तुला नाही आठवायचं. तुझे बाबा ओटीवर बसून असायचे. जेव म्हटलं तर जेवायचे, नीज म्हटलं तर निजायचे. हाक मारली तर दचकायचे. एकदा मी त्यांना विहिरीच्या काठावरून हाताला धरून आणलं, हे मलकालासुद्धा ठाऊक नाही. पुन्हा एकदा मोडलेला नवरा घेऊन मी थळला जाऊ? त्या समुद्राला तोंड कसं दाखवू?"

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस? ते एवढं टाकून बोलले तुला."

"बोलायला वेळ कुठं होता? सूर्य बुडत होता."

झाडाच्या पलीकडं शिडी लावलेली होती, ते आमच्या दोघींच्याही ध्यानात नव्हतं. बाबा तिच्यावरून हळूहळू उतरले आणि समोर येऊन उभे राहिले. गळ्यात फळांची झोळी तशीच. झोळीचा पट्टा त्यांनी दोनदा सारखा केला. शेवटी म्हणाले, "शेगुला... थळला..."

"नाही," आई एकदम म्हणाली. तिनं हात वर केला. "विचारू नका. विचारलंत तर मी हो म्हणेन."

बाबा तिथंच थांबले. मग त्यांनी शिडी उचलली आणि पुढच्या झाडाला नेऊन लावली.

त्यानंतर ते खूप वर्षं जगले. बाग मोठी झाली, माझं लग्न झालं, मलकामावशी वारली, आणि बाबांनी आईला ते कधीच विचारलं नाही. मला त्यांचा राग यायचा. एकदा तरी विचारायचं होतं, असं वाटायचं. त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना माझ्याच वॉर्डात ठेवून घेतलं होतं. ताप उतरत नव्हता, माणसं ओळखत नव्हते, हिब्रू तर पार विसरून गेले होते. एका सकाळी मी सलाईन बदलत होते आणि आई उशाशी बसली होती. बाबांनी डोळे उघडले, नीट तिच्याकडं पाहिलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "शेगुला, जायचं का गो थळला?"

आईनं त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"हो," ती म्हणाली. "चला."